खोटी बंदूक, खरी भीती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन गावी निघालो होतो. पिरंगुटला वडाप जीप मिळाली. मागच्या बाकावर आम्ही दोघे, समोर भाजीची रिकामी पोती घेऊन परतणाऱ्या दोन बायका. खड्ड्यात गाडी आदळली, नातू पुढे झुकला आणि त्याचा शर्ट वर सरकला. कमरेला काळे पिस्तूल! बायका बोलता बोलता थांबल्या. ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिले आणि गाण्याचा आवाज बंद केला. त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. मधल्या थांब्यावर हात करणारी माणसेही त्याने घेतली नाहीत. पौडला आल्यावर गाडी स्टँडवर न नेता त्याने सरळ पोलीस ठाण्यासमोर उभी केली.

पिस्तूल खेळण्यातले होते. जत्रेत घेतलेले, आत प्लॅस्टिकचे छर्रे घालायचे. पण वजन, रंग, घोड्याचा खटका, सगळे हुबेहूब. फाटकावरच्या पोलिसाने ते पाहिले तेव्हा तो आधी एक पाऊल मागे सरकला. मग म्हणाला, "बाळा, हात वर कर. आजोबा, तुम्ही बाजूला व्हा." पोराचे हात थरथरत होते आणि खरे सांगायचे तर माझेही. त्या थरथरत्या हाताने त्याने 'हे बघा, खोटे आहे' म्हणून पिस्तूल काढून दाखवायला घेतले असते तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. झोप आली नाही की माणूस आपल्या विषयाकडे वळतो, तसा मीही वळलो.

आमच्या मुळशीला शस्त्राचे नाव नवे नाही. ही मावळची भूमी. दिवाळीत पोरे मातीचे किल्ले करतात, बुरुजावर तोफा आणि मावळे मांडतात, टिकल्यांची पिस्तुले उडवतात. मीही उडवली. त्या पत्र्याच्या पिस्तुलाला कोणी घाबरले नाही, कारण ते कोणत्याच बाजूने खरे वाटत नसे. याच तालुक्यात १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. नि:शस्त्र लढा थकल्यावर १९२४ च्या अखेरीस त्यांनी रेल्वे अडवली, तीही शस्त्र हाती घेऊन, आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. तो मार्ग बरोबर की चूक, यावर आजही वाद होऊ शकतो. पण खऱ्या शस्त्राची किंमत त्या माणसाला ठाऊक होती आणि ती त्याने मोजली. खोट्या शस्त्राची गोष्ट वेगळी. त्याचीही किंमत असते, पण ती बहुधा दुसराच कोणी मोजतो.

आपल्या देशाच्या इतिहासात याचे सर्वांत मोठे उदाहरण १९७१ चे. ३० जानेवारीला श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फॉकर विमान दोन काश्मिरी तरुणांनी लाहोरला पळवून नेले. त्यांच्याकडे काय होते? एक खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडाचा हातबॉम्ब. वैमानिकाला ते कळायला मार्ग नव्हता. तिकडे त्या दोघांचे वीरांसारखे स्वागत झाले, खुद्द भुट्टो त्यांना विमानतळावर भेटले. प्रवाशांना सोडून दिले, पण विमान जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी केली. पश्चिम पाकिस्तानातून पूर्व पाकिस्तानात जायला त्यांना कोलंबोमार्गे दक्षिणेचा वळसा घालावा लागू लागला. त्याच वर्षी पूर्वेकडे युद्ध पेटणार होते. सैन्य आणि सामान हलवायची वेळ आली तेव्हा हा वळसा पाकिस्तानला किती महाग पडला असेल याची कल्पना करावी. या अपहरणामागे कोणाची चाल होती, याविषयी दोन्ही देशांत वेगवेगळ्या कथा सांगितल्या जातात. त्यात मी शिरत नाही. मला नवल वाटते ते एवढेच, की दोन देशांमधला हवाई मार्ग बंद पडला तो एका खेळण्यामुळे.

यावरून आपण काही शिकलो म्हणावे, तर २० डिसेंबर १९७८ ला पुन्हा तेच. इंदिरा गांधींना लोकसभेच्या ठरावाने तुरुंगात पाठवले होते. त्यांच्या सुटकेसाठी पांडे आडनावाच्या दोन तरुणांनी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान वाराणसीला उतरवायला लावले. हाती खेळण्यातली पिस्तुले, आणि बॉम्ब म्हणून चक्क क्रिकेटचा चेंडू! रात्रभर शंभराहून अधिक माणसे जीव मुठीत धरून बसली. सकाळी दोघे शरण आले. पुढे १९८० मध्ये त्यांना विधानसभेची उमेदवारी मिळाली. ही हकिगत आपण हसत हसत सांगतो, मीही वर्गात तशीच सांगत असे. आता सांगवत नाही. त्या विमानातल्या एखाद्या म्हाताऱ्याला चेंडू आणि बॉम्ब यांत काय फरक वाटला असेल?

महाराष्ट्रातले उदाहरण त्या मानाने साधे. मे २०१९ मध्ये वसईत दोन माणसे दहशतवाद्यांच्या वेशात, अंगावर गोळ्यांचे पट्टे लावून रस्त्यावर दिसली. कोणीतरी पोलिसांना कळवले आणि धावपळ उडाली. ते होते एका हिंदी चित्रपटात काम करणारे किरकोळ कलाकार. चित्रीकरणाच्या मध्ये सिगारेट घ्यायला तसेच उतरले होते. गोळ्या खोट्या होत्या. वर्तमानपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली. पण २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र पाहिलेल्या मुलखात ही गंमत कोणाच्या जिवावर बेतली असती, हे सांगायला नको.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा अधिक जाणता आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवान्याशिवाय मनाई करते. नकली म्हणजे काय, तर जी दिसायला बंदुकीसारखी आहे ती. तिच्यातून गोळी सुटते की नाही हा प्रश्न तिथे गौण आहे. जबरी चोरीच्या व्याख्येतही तत्काळ मृत्यूची वा इजेची भीती घालणे एवढे पुरते. भीती घालणारी वस्तू खरीच हवी असे तिथे म्हटलेले नाही. आता खेळण्यातले पिस्तूल हे 'प्राणघातक शस्त्र' मानून जास्तीची शिक्षा द्यायची का, यावर वकील मंडळी घोळ घालतात, तो भाग निराळा. मला अस्वस्थ करते ते स्वसंरक्षणाचे कलम. जिवाला धोका आहे अशी रास्त भीती वाटली, की स्वत:ला वाचवण्याचा हक्क सुरू होतो. जुनी दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तरी तत्त्व तेच आहे. म्हणजे खोटे पिस्तूल रोखणाऱ्याच्या डोक्यात समोरच्याने घाबरून पहार घातली, तर कायदा त्या घाबरलेल्या माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो. पोराच्या मनात फक्त गंमत होती, हे नंतर त्याच्या आईने सांगायचे.

अमेरिकेत हे घडले आहे. २२ नोव्हेंबर २०१४ ला क्लीव्हलंड शहरातल्या एका बागेत बारा वर्षांचा मुलगा छर्ऱ्याच्या पिस्तुलाशी खेळत होता. ज्याने पोलिसांना फोन केला त्याने 'बहुधा खोटे असावे' असेही म्हटले होते, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचले नाही. गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. मूल दुसऱ्या दिवशी गेले. खेळण्याच्या नळीच्या टोकाला नारंगी खूण असावी असा त्या देशात नियम आहे. या पिस्तुलावर ती नव्हती. जपानने तर १९७१ सालीच, म्हणजे आपल्या 'गंगा'च्याच वर्षी, धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा केला. ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रतिकृतींच्या विक्रीवरच बंधन आणले.

आमच्याकडे रंगाचे काय? २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' चित्रपट आला. जमिनी विकून आलेला पैसा संपल्यावर पोरे कुठल्या वाटेला लागतात, याची ती गोष्ट. गावात कित्येकांनी ती आपल्याच घरातली म्हणून पाहिली. पण काही पोरांनी त्यातला शेवट सोडला आणि रुबाब तेवढा उचलला. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, कमरेला काहीतरी खोचून फोटो काढायचा, मोबाइलवर टाकायचा. पोलीस अशा पोरांना उचलतात तेव्हा कधी ते हत्यार खरे निघते, कधी जत्रेतले. पण ज्या टोळीला तो फोटो दाखवायचा असतो, ती टोळी काही तपासणी करत बसत नाही. तिच्याकडचे बहुधा खरे असते.

पौडच्या त्या पोलिसाने आमचे नाव-गाव लिहून घेतले, नातवाला दोन शब्द सुनावले आणि पिस्तूल माझ्या हाती दिले. जीप तोवर निघून गेली होती. भाडे द्यायचे राहिले. पुढच्या आठवड्यात मी पिरंगुटला त्या ड्रायव्हरला शोधून काढले. पैसे घ्यायला तो तयार होईना. म्हणाला, "गुरुजी, मला काय माहीत तुमचा नातू म्हणून? मागं दोन बाया बसल्या होत्या."

नातवाने त्या पिस्तुलाला पोळ्यातला उरलेला, बैलांच्या शिंगांना लावायचा रंग फासला आहे. ते माळ्यावर पडून आहे.