निजामाचा कुलचा आणि आपली भाकरी



आसफजाही झेंड्याच्या पिवळ्या रंगावर एक पांढरे वर्तुळ असे. तो चंद्र नव्हे, कुलचा आहे, हे इथल्या जुन्या माणसांकडून आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले आहे. कथा अशी की, मीर कमरुद्दीन खान, म्हणजे पुढचा पहिला निजाम, औरंगाबादच्या हजरत निजामुद्दीन या सूफी संतांच्या भेटीला गेला. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे केले. भुकेल्या सरदाराने सात खाल्ले आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद त्याला मिळाला. दंतकथाच ती. १७२४ पासून १९४८ पर्यंत सात निजाम मोजता येतात हे खरे, पण १७४८ ते १७६२ या काळात गादीवर बसलेल्या तिघांना गणतीतून वगळले तरच ते सात भरतात. आशीर्वाद खरा ठरवण्यासाठी इतिहासाला थोडी वजाबाकी करावी लागली आहे.

मला त्या कथेतली वेगळीच गोष्ट खटकते. प्रसंग औरंगाबादचा, म्हणजे आपल्या मुलखातला. आणि खाल्ले काय, तर कुलचा. त्याला मैदा लागतो, खमीर लागते, भाजायला तंदूर लागतो. औरंगाबादच्या भोवतालच्या खेड्यांतल्या घरात या तिन्हींपैकी एकही वस्तू नव्हती. तिथे जाते होते, काठवट होती, तवा होता आणि पेवात ज्वारी होती. झेंड्यावर कुलचा गेला, संस्थान मात्र भाकरीवर जगले. या भाकरीचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, कारण ती थापणाऱ्या हातांना दप्तर लिहिण्याचे काम कोणी दिले नव्हते. म्हणून आजचा विषय मी हा घेतला. एका डॉक्टरने इतिहासावर बोलावे हे थोडे धाडसाचे आहे. पण रोज पन्नास माणसांना ‘काय खाता?’ हा प्रश्न चाळीस वर्षे विचारल्यावर खाण्याच्या इतिहासाशी थोडीफार ओळख होतेच.

निजामाच्या राज्यात तीन भाषांचे मुलूख होते हे आपण शाळेत शिकलो. मराठवाडा, तेलंगणा आणि कानडी जिल्हे. या तिन्ही मुलखांत ज्वारीची भाकरी होती हे मात्र कोणी शिकवले नाही. आपण तिला भाकर म्हणतो, तेलुगू शेजारी जोन्न रोट्टे म्हणतात, गुलबर्ग्याकडचे लोक जोळद रोट्टी म्हणतात आणि जुन्या शहरात ती जवारी की रोटी होते. तेलंगणात पिवळ्या दाण्याची ज्वारी असे, तिला ते पच्च जोन्न म्हणत. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीचा शाळू पिके. तो पावसावर नव्हे, तर पावसाने जमिनीत मागे ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढतो. कानडी जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे सोलापुरात कडक भाकरी. पातळ, तीळ लावलेली, महिनाभर टिकणारी. पीक एक, पण हात तीन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांना गेले, तेव्हा रेषा भाषेवरून आखल्या. तव्यावरून आखायच्या ठरवल्या असत्या तर आखताच आल्या नसत्या.

आता ही भाकरी मुळात होते कशी, ते पाहू. इतिहास समजायला ते आवश्यक आहे. गव्हात एक चिवट द्रव्य असते, म्हणून त्याची कणीक ताणली जाते, लाटता येते, फुगते. ज्वारीत ते नाही. थंड पाण्यात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचा गोळा नुसता मातीसारखा फुटतो. आपल्या बायकांनी यावर दोन उपाय काढले. एक, उकळते पाणी. त्याने पिठातले पिष्ट थोडे शिजते आणि चिकट होते. दुसरा, तळहाताची टाच. गोळा परातीत रगडून रगडून इतका मळायचा की त्याला भेग पडू नये. मग कोरड्या पिठावर थापायचा, बोटांनी कड सावरत, फिरवत. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची नाही. शेवटी निखाऱ्यापुढे उभी केली की वरचा पोपडा टरारून फुगतो. या साऱ्यात मापाचे भांडे कुठेही नाही. पाणी किती, हे हात सांगतो. आणि हाताला ते दुसऱ्या हाताशेजारी बसूनच कळते.

पीठ ताजे हवे, ही आणखी एक अट. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्यातला तेलाचा अंश खवट होतो, भाकरी कडवट लागते, थापताना कडा तुटतात. इथे मला आमच्या घरातली गोष्ट सांगितलीच पाहिजे. दिगंबर जैनांच्या आचारात पिठाला मर्यादा असते: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढचे पीठ जीवजंतूंच्या शंकेने वर्ज्य. धर्माने ठरवलेली ही मुदत आणि ज्वारीच्या पिठाची स्वाभाविक मुदत जवळजवळ सारखीच निघते, याचे मला वैद्यकीय शिक्षण घेताना फार आश्चर्य वाटले होते. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण, त्यामुळे शाळेतून आलेल्या मुलाला दप्तर ठेवताच जात्याच्या खुंट्याला हात लावावा लागे. आई एका बाजूला, मी दुसऱ्या. मुलगा म्हणून मला सूट नव्हती. बहीण नव्हती, एवढेच कारण. भाकरी थापायला मी तिथेच शिकलो.

जाते गेले ते पिठाच्या चक्कीमुळे. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारा, ती चक्कीलाच दुवा देईल. पण जात्याबरोबर ओवी गेली. पुण्याच्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या तरी. मराठी स्त्रीच्या मनाचा एवढा मोठा ऐवज दळताना तयार झाला, याची नोंद साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर व्हायला हवी.

हैदराबादेत आपली घराणी आली ती नोकरी, वकिली, व्यापार आणि शिक्षणासाठी. १९०७ साली विवेक वर्धिनी सुरू झाली, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याआधीच मनमाडहून सिकंदराबादेपर्यंत छोटी रेल्वेलाइन पूर्ण होऊन औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे शहराला जोडली गेली होती. या गाडीने भाकरीचे दोन प्रकार इथे आणले. एक दशमी. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, म्हणून मऊ राहणारी आणि सोवळ्याच्या माणसालाही प्रवासात चालणारी. दुसरे धपाटे. ज्वारीत थोडे बेसन, थोडी कणीक, तीळ, जिरे, आंबट दही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे. इतर घरांत त्यात लसूण असे, आमच्यात नसे. डब्यातल्या शेजाऱ्याने धपाटा मागून घेतला की त्याचे गाव कळे आणि परत काय दिले त्यावरून त्याची जात, असे वडीलधारी मंडळी हसत सांगत.

मग ही भाकरी आपल्या ताटातून गेली कशी? चवीने गेली नाही, हे माझे ठाम मत आहे. ती धोरणाने गेली. दुसऱ्या महायुद्धात संस्थानात धान्याची लेव्ही लागली तेव्हापासूनच पेवे रिकामी होऊ लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली गहू येऊ लागला आणि रेशनच्या दुकानात मिळू लागला. तोवर आपल्याकडे गव्हाची पोळी सणाची होती. पाहुणा आला, पुरण घातले, तर पोळी. रेशनने ती रोजची केली आणि रोजची झाल्यावरही तिची प्रतिष्ठा सणाचीच राहिली. भाकरी खाणारे ते खेड्यातले, पोळी खाणारे ते शिकलेले, ही वाटणी याच काळातली.

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले.  पीक भरघोस, पण खरिपाचे. काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडे आणि त्याच्या भाकरीला शाळूची गोडी नसे. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी आजही बाजारात चढ्या भावाने जाते, यात सगळे आले.

आणि १९७२. दुष्काळात मराठवाड्यातल्या आपल्या नातेवाइकांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि रेशनची लालसर मिलो आणली. ही मिलोसुद्धा ज्वारीच; अमेरिकेत ती जनावरांना घालत. तिची भाकरी थापली जाईना, थापली तर गिळवेना. त्या पिढीतल्या अनेकांच्या जिभेवर लाल भाकरीची चव कायमची बसली आणि परिस्थिती सुधारताच त्यांनी पहिले काम केले ते गव्हाचे पोते आणण्याचे. त्यांना दोष देता येत नाही. गंमत अशी की, त्याच १९७२ साली आपल्या शहराजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिच्या मुख्य पिकांत ज्वारी होती. राजेंद्रनगरातही ज्वारीवर संशोधन चालते. जगातल्या ज्वारीच्या विद्वत्तेचे एक मोठे केंद्र हैदराबाद झाले, आणि हैदराबादच्या घरांतून ज्वारी उठली. तेलंगणाच्या खेड्यांतही १९८३ साली रामाराव सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला, तेव्हा जोन्न रोट्टेने तिथली जागा सोडली.

घरातून उठली तरी सणांना ती चिकटून राहिली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. लातूर-उस्मानाबादकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळे कुटुंब शेतात. भज्जी, आंबिल, उंडे आणि भाकरी. नागपंचमीला तवाच चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून वाफवलेली दिंडे. नवरात्रात कडाकण्या; त्यांना फणी, वेणी, आरसा असे आकार द्यायला मुलांना बसवायचे, अर्धे पीठ त्यांच्या पोटात जायचे. खंडेलवाल जैन कुटुंबांत भाद्रपद शुद्ध तृतीयेला रोट तीज असते. जाड रोट आणि खीर. त्याच तिथीला हरितालिका. एकाच वाड्यात एका बिऱ्हाडी कडकडीत उपास आणि दुसऱ्या बिऱ्हाडी तुपाने माखलेला रोट, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते सांगतील की उपासकरी मावशींची मुले त्या दिवशी कुठे जेवत. मोहरममध्ये जुन्या शहरात दम के रोट होतात. आणि मलिदा तर दोन्हीकडचा. भाकरी किंवा पोळी गरम असतानाच कुस्करायची, गूळ आणि तूप घालून चोळायची. दर्ग्यातही तोच, देवापुढेही तोच. शब्द फारसी, हात आपला.

अलीकडे वारे उलटे फिरले आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, दुकानात ज्वारीची बिस्किटे आली. दवाखान्यात लोक विचारतात, डॉक्टर, भाकरीने साखर उतरते का? मी सांगतो, औषध सोडून उतरत नाही; आणि तीन पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या तर मुळीच नाही. भाकरीला औषध करणे मला तिचा अपमान वाटतो. ती जेवण आहे.

संध्याकाळी शहरातल्या बहुतेक मोठ्या रस्त्यांवर आता जोन्न रोट्टेच्या गाड्या लागतात. तेलंगणातल्या बायका तिथे उभ्या राहून, दोन तव्यांवर एका वेळी, न बघता भाकरी थापतात. गिऱ्हाइकांत आपली कितीतरी मंडळी मी पाहतो. घरच्या काठवटी माळ्यावर आहेत आणि थापणारा हात त्या गाडीवर आहे. आमच्या भागातल्या अशाच एका बाईंशी माझी ओळख आहे. दर रविवारी माझी नात तिथे जाऊन बसते. पहिल्या दिवशी तिची भाकरी तव्यावर टाकतानाच तीन ठिकाणी फाटली. बाईंनी ती तशीच भाजली, कुस्करली आणि गूळ घालून तिच्या हातावर ठेवली. गेल्या महिन्यात पहिल्यांदा पोपडा फुगला. नात मराठीत बोलते, बाई तेलुगूत. पाणी किती घालायचे यावर दोघींचे अजून एकमत झालेले नाही.