४६ चा आकडा, राधानगरीचं भेकर आणि एक निळं फुलपाखरू

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी ४८ सांगितली आणि पुढची तीस वर्षं पुस्तकांत तेच छापलं गेलं. १९५६ मध्ये ट्यिओ आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजून ४६ दाखवली. तेव्हापासून ४६ म्हणजेच नॉर्मल, असं डोक्यात बसलंय.

आता आपल्या राधानगरीच्या जंगलातलं भेकर बघा. १९७० मध्ये वर्स्टर आणि बेनिर्शके यांना भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ गुणसूत्रं सापडली, नरात ७. त्याच्या चिनी भाऊबंदात मात्र ४६! जनुकांचा माल जवळपास तोच, पण भेकरात गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली. उलटा प्रकार मोरोक्को-अल्जेरियातल्या ॲटलस ब्लू फुलपाखरात. त्याच्या नातलगांत २४ च्या आसपास जोड्या, याच्यात २२९. सुमारे ३० लाख वर्षांत तुकडे पडत गेले.

बीज तयार होताना आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र जोडी लावतं. रचना फार वेगळी असेल तर जोडी चुकते, बीजात माल कमी-जास्त जातो. दोन गटांच्या संकरातून संतती टिकेना, की ते हळूहळू दुरावतात. नवी जात होण्याची ही एक वाट.

दवाखान्यातही हेच दिसतं. हजारात साधारण एकाची दोन गुणसूत्रं चिकटलेली असतात. मोजली तर ४५. तब्येत ठणठणीत, पण वारंवार गर्भपात होऊ शकतात. बोल मात्र सुनेला! हा बदल नवऱ्यातही असू शकतो, म्हणून कॅरिओटाइप दोघांचा करतात. अशा बऱ्याच जोडप्यांना पुढे निरोगी मूल होतं.