धूर छातीत जातो, मग मेंदूचे काय?

धुराने खोकला होतो, दमा वाढतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण तोच धूर उतारवयात स्मरणशक्तीवर परिणाम करू शकतो, हे समजायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला.

डॉ. अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मेंदूतील बदल १९०६ मध्ये मांडले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले आणि हजारो माणसे दगावली. तेव्हाही डॉक्टरांचे लक्ष फुप्फुसे आणि हृदयाकडेच होते. २००२ च्या सुमारास मेक्सिको सिटीतील कुत्र्यांच्या मेंदूत सूज आणि अल्झायमरसारखे बदल दिसले, तेव्हा शंका आली. २०१७ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७ टक्के जास्त आढळले. २०२० मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने हवेचे प्रदूषण हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका म्हणून नोंदवला.

हे घडते कसे? पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके बारीक असतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, तर काही नाकातील वासाच्या नसेवाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. तेथे वर्षानुवर्षे मंद सूज राहते.

आता आपल्याकडे पाहा. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेचे मानक सातत्याने न गाठणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत सांगली आहे, सातारा नाही. म्हणून सातारकरांनी निर्धास्त राहू नये. पुणे-बंगळुरू महामार्गाची वाहतूक, ऊसतोडीनंतर पेटवलेले पाचट, गुऱ्हाळाचा आणि चुलीचा धूर यादी पाहून येत नाही.

घाबरू नका. धूर हे अनेक कारणांपैकी एक आहे. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांचाही वाटा असतो. पण एवढे नक्की करा: पाचट न जाळता शेतातच कुजवा, जमिनीलाही ते चांगले. चूल पेटवावी लागलीच तर खिडकी-दार उघडे ठेवा. कचरा पेटवू नका. रस्त्यावर धूर-धूळ असताना फिरायला जाण्याची वेळ बदला.

आणि घरातील वडीलधारे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, ओळखीची वाट चुकू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा ब-१२ ची कमतरता असेल, तर उपचाराने फरक पडतो.