दक्षिणेची फेलोशिप झाली त्याची गोष्ट

श्रावण आला की पेशवाईतल्या पुण्यात विद्वान ब्राह्मणांची रीघ लागे. दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेली दक्षिणेची प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली आणि भरभराटीला नेली. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात हे वाटप होई. विद्वत्ता पाहिली जाई खरी, पण आत शिरायला आधी जात लागे.

१८१८मध्ये राज्य बदलून इंग्रजांचे आले, तरी इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम तोडली नाही. पुण्यातल्या वजनदार वर्गाला दुखावण्यात त्याला शहाणपण दिसत नव्हते. याच निधीच्या आधाराने १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले.

पुढची ठिणगी सुधारकांनी टाकली. दक्षिणेचा काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वापरावा, असा अर्ज १८४९च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे केला. सनातन्यांनी पुण्यात रान उठवले. अर्ज करणाऱ्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

मग मुंबई विद्यापीठ आले, आणि दक्षिणेला नवे इंग्रजी नाव मिळाले: दक्षिणा फेलोशिप. रा. गो. भांडारकर, न्या. रानडे, पुढे गो. ग. आगरकर हे सारे दक्षिणा फेलो. फेलोने स्वतः शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचेही. परीक्षेतल्या गुणांना आता किंमत आली होती.

पण पैसा देणाऱ्याची मर्जी सुटली नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजांच्या राज्याशी केली, आणि तीही मराठ्यांच्या बाजूने. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची कानउघाडणी केली. सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद राहिली. गुण होते, नियमही पाळलेले होते. चुकला होता फक्त निबंधाचा सूर.

खासगी देणग्यांतूनही शिष्यवृत्त्या निघाल्या. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. जूनमध्ये करारावर सही झाली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, ही अट. अट पाळायला आंबेडकर १९१७मध्ये बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकत, गावात राहायला जागा मिळेना. आश्रय घेतलेल्या पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले, आणि ते मुंबईला परतले.