आण्यांची साखळी

मुंबई इलाख्यातील शेतजमिनींची जी जुनी टिपणे आजही भूमि-अभिलेखाच्या दप्तरांत जपून ठेवलेली आहेत, त्यांत बांधाची लांबी फुटांत अथवा वारांत न मांडता साखळ्या आणि आणे अशा दोन आकड्यांत मांडलेली असते. साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा समान भाग. आणि त्या प्रत्येक भागाचे नाव आणा. रुपयाच्या सोळाव्या हिश्शाचे नाव लोखंडी कड्यांच्या मोजमापाला जडावे, हा योग मला इतका विलक्षण वाटतो की, या साखळीचे कूळ शोधल्यावाचून राहवत नाही.

तिच्या पितृकुळाविषयी फारसा वाद नाही. एडमंड गंटर या इंग्रज धर्मोपदेशकाने व गणितज्ञाने १६२० च्या सुमारास सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची साखळी प्रचारात आणली. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर आणि ऐंशी साखळ्यांचा एक मैल असा तिचा हिशेब होता. क्रिकेटच्या खेळपट्टीची बावीस वार लांबी म्हणजे हीच एक साखळी. प्रत्येक दहा कड्यांवर पितळेची एक चकती टांगलेली असे: पहिलीला एक दात, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार, आणि मधोमध पन्नासाव्या कडीवर दातांविना वाटोळी. दुसऱ्या टोकाकडूनही हाच क्रम असल्यामुळे साखळी कोणत्याही बाजूने धरता येई, आणि गवतात वा चिखलात नुसत्या बोटांनी चाचपूनही आकडा कळे. मात्र चाळिसावी आणि साठावी कडी यांच्यावर एकसारखीच चार दातांची चकती येत असल्यामुळे, वाटोळी चकती मागे पडली की अद्याप पुढे आहे याकडे दुर्लक्ष झाले, तर वीस कड्यांची चूक पदरात पडे.

आपल्याकडे मोजणी नवी नव्हती. शिवकाळातील काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याची जमीनसाऱ्याची आकारणी कोसळल्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून ज्या पाहणीचा पाया घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला नियमांचे स्थैर्य दिले, त्या पाहणीच्या परंपरेत एकर, गुंठा व आणा हे त्रिकूट रूढ झाले. गंटरची साखळी येथे निम्मी झाली: सहासष्टांचे तेहतीस फूट. या साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे बरोबर एक एकर.

खरा प्रश्न पुढेच आहे. तेहतीस फुटांचे सोळा भाग केले असता प्रत्येक भाग दोन फूट पाऊण इंच भरतो. फुटाचा मान राखावयाचा असता तर तेहतीस किंवा अकरा भाग करणे सुकर होते. सोळाने फुटाचा मेळ बसत नाही, आणि गंटरच्या कड्यांचाही बसत नाही. कारण अर्ध्या साखळीच्या पन्नास कड्यांचे सोळा भाग केले तर प्रत्येकी सव्वातीन कड्यांहून किंचित कमी असा बेंगरूळ अपूर्णांक उरतो. कोणी म्हणेल की, इंग्रजांची जमीन मोजण्याची जुनी काठी साडेसोळा फुटांची होती आणि तिच्या दुपटीतूनच हे सोळा निपजले असतील. परंतु साडेसोळा म्हणजे सोळा नव्हेत, आणि त्या काठीचे इंग्रजी नाव येथे कोठेही उतरलेले नाही; उतरले ते आणा हे नाव. जो विभाग फुटाशी जुळत नाही, कडीशी जुळत नाही आणि काठीशीही जुळत नाही, त्याचे उगमस्थान सराफाच्या व कुळकर्ण्याच्या वहीत शोधावे लागते, हे माझे निश्चित मत आहे.

त्या वहीत शिरले की सारा उलगडा होतो. साखळीला साखळीने गुणले की गुंठे येतात. साखळीला आण्याने गुणले की क्षेत्राचे आणे येतात, आणि असे सोळा आणे झाले की एक गुंठा भरतो. समजा शेत बारा साखळ्या आठ आणे लांब व सहा साखळ्या चार आणे रुंद आहे. ज्या कारकुनाने लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकलेली आहे, त्याला हे साडेबारा गुणिले सव्वासहा इतकेच दिसते, आणि उत्तर ७८ गुंठे २ आणे, म्हणजे १ एकर ३८ गुंठे २ आणे, असे तोंडीच निघते. गंटरची दशांश पद्धती त्याला नव्याने शिकवावी लागली असती. रुपये-आण्यांची रीत त्याच्या जिभेवर होतीच. शंकू या उपकरणाने काटकोन साधून शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडावे, पाया व लंब साखळीने मोजावे, टिपणात ते नोंदवावे आणि गुणाकार बुकात क्षेत्र काढावे, या कामाला अशीच साखळी सोयीची होती.

चाळीस या संख्येविषयीही माझा एक तर्क आहे. साखळी निम्मी केली म्हणजे एकराचे चाळीस चौरस होतात, ही झाली भूमितीची निष्पत्ती. परंतु एका मणाचे चाळीस शेर मोजण्याची सवय असलेल्या मुलखात हे चाळीस सहज अंगवळणी पडले असले पाहिजेत. शिवाय सहासष्ट फुटांचेच सोळा भाग केले असते, तर एक आणा चार फुटांहून मोठा झाला असता आणि लहान तुकड्यांच्या शेतीला तो फार जाड पडला असता. साखळी निम्मी होण्याचे कारण मला यातच दिसते.

गंटर या आडनावाचाच अपभ्रंश होऊन गुंठा झाला, हे मत ऐकावयास गोड आहे, पण टिकणारे नाही. ओडिशात पंचवीस गुंठ्यांचा एकर मानतात. तेव्हा तेथील गुंठा आपल्याहून पुष्कळ मोठा ठरतो. कन्नड प्रदेशात गुंटे, तेलंगणात गुंटा असे त्याचे भाऊबंद आहेत. आडनाव इंग्लंडहून साखळीसोबत आले असते, तर त्याचे मापही सर्वत्र एकच राहिले असते. म्हणून शब्द देशी आणि त्याचे आजचे मोजमाप विलायती, असाच निवाडा मी देतो.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून हळूहळू मावळला. पिकाच्या अंदाजाची आणेवारी सरकारी भाषेत पैसेवारी झाली. सातबारावर हेक्टर व आर आले. आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटर, हे अंतर इतके थोडे आहे की लोक आजही दोहोंना एकच समजतात. पण खरेदीखतात असा घोटाळा होऊ देऊ नये, कारण चाळीस गुंठ्यांत सुमारे सत्तेचाळीस चौरस मीटरांचा फरक पडतो. ज्यांच्याजवळ वडिलोपार्जित जमिनीच्या टिपणाची नक्कल असेल, त्यांनी साखळ्यांना तेहतीसने गुणावे, आण्यांना तेहतीसने गुणून सोळाने भागावे आणि दोहोंची बेरीज करावी. म्हणजे पूर्वजांच्या बांधाची लांबी फुटांत हाती येईल.