दुबई, १६ एप्रिल २०२४ : पाणी चढेपर्यंतचे तास

या घटनाक्रमातल्या वेळा आणि आकडे खरे आहेत. त्यातून जाणारा माणूस मात्र तुम्ही. राहायला शारजात, नोकरी दुबईत, गाडी हप्त्यावरची. बीबीसीने २०१५ साली सीरियातल्या निर्वासितांवर अशीच एक संवादी गोष्ट केली होती. वाट वाचकाने निवडायची आणि पुढे जे होईल तेही त्यानेच सोसायचं. पुराची अशी गोष्ट मराठीत व्हायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

सोमवार, १५ एप्रिल, दुपार. हवामान केंद्राचे इशारे येऊन पडलेत. शेजारच्या ओमानमध्ये कालच शाळकरी मुलं पुरात वाहून गेली. उद्या शाळा ऑनलाइन आणि सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम, हेही जाहीर झालंय. तुमची कंपनी खासगी, तिच्याकडून अजून काही निरोप नाही. पडद्यावर पहिला प्रश्न येतो : साहेबांना आत्ताच फोन लावणार, की सकाळी बघू? बहुतेक जण ‘सकाळी बघू’वर बोट ठेवतील. गोष्ट त्यांना टोकत नाही, पुढे सरकते. अशा गोष्टीची खरी ताकद मला इथेच दिसते. संकटातही चुकीची किंमत लगेच कळत नसते.

सोमवार, रात्र. पाऊस सुरू होतो. दुबई विमानतळावर २० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत वाढलेल्या माणसाला एवढ्या पावसाची काय भीती? पण या विमानतळावरचा वर्षभराचा सरासरी पाऊसच ९४.७ मिलिमीटर, आणि पाण्याचा निचराही त्याच बेताने केलेला. आपला जुना अनुभव इथे दगा देतो.

मंगळवार, सकाळी ९. जोर वाढतो, गाराही पडू लागतात. तुम्ही निघालेले आहात. इथे गोष्टीने थांबावं, सगळा वेळ घ्यावा, कारण माणसं इथेच गेली.

समोर भुयारी रस्ता. पाणी तपकिरी आहे, तळ दिसत नाही. पुढची टॅक्सी लाट उडवत पार झाली. मागचा हॉर्न वाजवतोय. पडद्यावर दोनच पर्याय : पुढे, किंवा गाडी वळवून उंचावर. ‘पुढे’ निवडलंत तर आधी ब्रेक नीट लागेनासा होतो, मग दाराच्या फटीतून पाणी पायाशी येतं, मग इंजिन बंद पडतं. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी छोटी गाडी तरंगायला लागते, आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. आता नवा प्रश्न, आणि उत्तराला थोडेच सेकंद : दार ढकलत बसणार, की पट्टा सोडून काच खाली करणार? बाहेरच्या पाण्याचा दाब असताना दार उघडत नाही. काच मात्र वीज चालू आहे तोवर उतरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्येच गुदमरून गेली होती. हे आपण वाचलं, हळहळलो. हाताला मात्र ते शिकवलं नाही. अमिरातीत मे २०२३ पासून पूर आलेल्या वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, गाडी घातली तर २,००० दिरहॅम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त, असा नियम आहे. पण त्या क्षणी माणसाला नियम आठवत नाही, पुढे गेलेली टॅक्सी दिसते.

दुपार. विमानतळाचं काम २५ मिनिटं थांबतं. आकाश हिरवट झाल्याचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि पाठोपाठ ‘पावसासाठी ढगांवर फवारणी केली म्हणून हे झालं’ हा निरोप. वादळाच्या काळात अशी फवारणी केलीच नव्हती, असं हवामान केंद्राने नंतर स्पष्ट केलं. शिवाय तेवढ्याने असा पाऊस पडत नाही, हे शास्त्रज्ञांनीही सांगितलं. तुम्ही तो निरोप पुढे पाठवता का? पाठवलात, की पाहता पाहता ग्रुपवर चाळीस उत्तरं येतात आणि त्याखाली इमारतीच्या वॉचमनचा निरोप गाडला जातो : तळघरात पाणी शिरतंय, गाड्या काढा.

संध्याकाळी ७.२६. दुबईकडे येणारी विमानं दुसरीकडे वळवायला सुरुवात. तुमच्याकडे आलेली आई उद्या मुंबईला परतणार आहे. रात्रीच विमानतळावर सोडावं, की घरीच थांबवावं? सोडलंत, तर बुधवारी सकाळी ८ वाजता एमिरेट्स चेक-इन बंद करते आणि आई हजारो प्रवाशांबरोबर टर्मिनलमध्ये अडकते.

रात्री ९. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून जास्त. १९४९ पासून नोंदी आहेत, त्यांतला हा सर्वात मोठा पाऊस. दुबई विमानतळावर दिवसअखेर १४२. देशात किमान चौघे दगावले. त्यांतल्या दोन फिलिपिनी महिला गाडीत गुदमरून गेल्या, आणि रास अल खैमात सत्तरीतल्या एका गृहस्थांची गाडी वाहून गेली.

पुढे शारजाच्या काही वस्त्यांत कित्येक दिवस पाणी हटलं नाही. स्वयंसेवक छोट्या होड्यांतून जेवण पोहोचवत होते. गोष्टीचा हा भाग लिहायचा तर तिथले लोकच हवेत. वीज गेल्यावर फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय केलं, लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यावरच्या आजींना कोणी विचारलं, हे त्यांनाच ठाऊक. ट्वाइन नावाचं साधन २००९ पासून फुकट मिळतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्यावर प्रश्न, पर्याय आणि परिणाम जोडता येतात, तेही देवनागरीत. आखातातल्या मराठी मंडळांनी अशा माणसांना एकदा बोलावून बसवावं. पाणी कुठल्या चौकात किती वाजता आलं आणि त्यांनी काय केलं, एवढं विचारलं तरी निम्मी गोष्ट तयार होईल. इकडे सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ च्या पुराची गोष्ट लिहावी. तिच्यात भुयारी रस्त्याच्या जागी धरणाचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी येईल, आणि गोठ्यातली म्हैस सोडून नावेत बसायचं का, हा प्रश्न येईल.