हेडफोनची वायर घरीच जोडा. तारांचा क्रम मात्र चुकवू नका

हेडफोन एका कानाने बंद पडला, तर बऱ्याचदा स्पीकर चांगला असतो. पिनेजवळ वायर तुटलेली असते. ३.५ एमएमची नवी पिन लावली की तो पुन्हा वाजतो.

तीन भागांच्या पिनेत टोकाला डावा कान, मधल्या कड्याला उजवा आणि मागच्या भागाला अर्थ जोडतात. बहुतेक वायरींत लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची अर्थची.

तारांवर मोटार वाइंडिंगच्या तारेसारखा इनॅमलचा थर असतो. तो खरवडून किंवा जाळून काढल्याशिवाय सोल्डर नीट धरत नाही. काम इथंच फसतं. पिनेचं टोपण आधीच वायरीत ओवून ठेवावं. तारा एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे मल्टिमीटरने बघावं.

माइकच्या हेडफोनला मात्र चार भागांचीच पिन घ्यावी.